कूलंट बदलल्यावर अडकलेली हवा कशी काढावी

कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), होज पाईप किंवा वॉटर पंप बदलला आणि दोन दिवसांत गाडी तापायला लागली, तर नव्या पार्टला दोष देण्याआधी सिस्टीममध्ये हवा राहिली आहे का ते बघा. अशा वेळी हमखास मिळणारा आणि सर्वांत वाईट सल्ला म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे पडते!’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व. तो अजिबात काढू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट गरम व्हायला फार वेळ लागतो, गाडी पेट्रोल जास्त पिते आणि अडकलेली हवा तिथल्या तिथेच राहते.

हवा आहे हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. तापमानाचा काटा चढतो, एकदम पडतो, पुन्हा चढतो. हीटर लावला तर रेस दिल्यावर गरम वारा आणि गाडी उभी असताना गार वारा. काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या बुडबुड्यात असेल तर काटा खोटं सांगतो, आणि तिकडे इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे अल्युमिनियमचं हेड, तापून वाकत असतं.

कामाला लागण्याआधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरचं टोपण साधारण 1 बारचा दाब धरतं आणि त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनावर टोपण उघडलंत तर दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट चेहऱ्यावर येते. फडकं धरून हळूच उघडायच्या युक्त्या सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

जुनं कूलंट काढताना ते मोजून ठेवा. छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण साडेतीन ते पाच लिटर मावतं. तीन लिटर निघालं आणि दोनच आत गेलं, तर उरलेल्या एक लिटरच्या जागी हवा आहे, इतका हा सरळ हिशोब आहे. भरायला तयार कूलंट घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार आत बसतात.

गाडी उतारावर लावा, चढाच्या दिशेनं तोंड करून. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. मात्र ‘नाक वर’ हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. ज्या टोकाला भरायचं टोपण, ते टोक वर हवं. टोपण रेडिएटरवर असेल तर नाक वर. टोपण प्लॅस्टिकच्या दाबाच्या टाकीवर असेल आणि ती टाकी मागे, काचेच्या बाजूला असेल, तर सपाट जागाच बरी.

टोपणाच्या जागी घट्ट बसणारं फनेल लावा आणि सावकाश ओता. ओतताना रेडिएटरचा वरचा होज हातानं दाबत राहा, बुडबुडे तिथूनच वर येतात. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर हवा काढायचा स्क्रू असेल तर इंजिन गार असतानाच तो सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार येऊ लागली की बंद करा. तो प्लॅस्टिकचा असेल तर पान्यानं आवळू नका, मोडतो.

आता खरं अवघड काम. बहुतेक जण इथे इंजिन दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता, ठेवतात, बुडबुडे थांबले की टोपण लावतात आणि काम झालं असं समजतात. ते झालेलं नसतं. मला सर्वांत जास्त छळलं ते याच टप्प्यानं, म्हणून इथे घाई करू नका.

हवा लपते ती हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये. तो डॅशबोर्डच्या आत असतो आणि बऱ्याच गाड्यांत भरायच्या टोपणाच्याही वर. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, नॉब वर्षभर निळ्या टोकाला असतो. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, त्या नॉबनं हीटरकडे जाणाऱ्या पाण्याचा वॉल्वच बंद होतो. म्हणजे तुम्ही तासभर इंजिन चालवलंत तरी त्या भागातलं पाणी हलतच नाही. म्हणून नॉब पूर्ण लाल टोकाला, ब्लोअर एकवर आणि एसी बंद. एसी चालू असेल तर रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, इंजिन गरम व्हायला उशीर होतो आणि थर्मोस्टॅट उघडायची वाट बघत बसावं लागतं.

इंजिन सुरू करून फनेलवर लक्ष ठेवा. 82 ते 90 अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो. त्या क्षणी फनेलमधली पातळी झपकन उतरते, लगेच भर घाला. मग रेस 2000 ते 2500 आरपीएमवर अर्धा मिनिट धरा आणि सोडा. आयडलवर पंपाचा जोर हीटरमधली हवा खाली ओढायला पुरत नाही, रेसवर पुरतो. रेस सोडली की मोठे बुडबुडे फनेलमध्ये येतात. बुडबुडे येत आहेत तोवर हे पुन्हा पुन्हा करा. हात, ओढणी, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

आता बॉनेटच्या आत काचेच्या बाजूला बघा. अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन होज आत जाताना दिसतील. दोन्हींना हलकेच हात लावा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर हवा अजून आत आहे. दोन्ही सारखे गरम, आयडलवरही हीटरचा वारा गरमच आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद झालेला, ही तिन्ही लक्षणं जुळल्याशिवाय मी टोपण लावत नाही. तुम्हीही लावू नका.

बुडबुडे थांबतच नसतील तर गोष्ट वेगळी आहे. वीस मिनिटांनंतरही ते एका लयीत येत असतील, किंवा गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याचा दाट संशय घ्या. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय, तो कितीही काढला तरी संपणार नाही. गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी करायला सांगा. पेट्रोल गाडीचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते निळं द्रावण पिवळं पडतं. आणि होज गार झाल्यावर चपटा पडत असेल तर टोपणाचा आतला छोटा वॉल्व अडकलाय. टोपण स्वस्त असतं, बदलून टाका.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रात्रभर गाडी गार होऊ द्या. सकाळी पातळी थोडी उतरलेली दिसेल, कूलंटच्या बाटलीत खुणेपर्यंत भर घाला. दोन-तीन फेऱ्यांनंतर गार इंजिनावर पुन्हा बघा. पातळी स्थिर राहिली तरच गाडी घाटात न्या, आणि घाटात काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. गरम वारा आला तर सावकाश वर जा. गार आला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.