कांद्याची पेशी नीट दिसत नाही? पेशी-ऊतींच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याला तोटा नाही, तरी नववीच्या प्रयोगवहीत धड पेशी क्वचितच उतरतात. घोळ पापुद्र्यापासूनच सुरू होतो. बाहेरची वाळकी साल घेऊ नका, तिच्या पेशी मेलेल्या असतात. आतला मांसल थर मोडा आणि त्याच्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने ओढा. तो लगेच पाण्यात टाका. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, त्यात वर पंखा असला तर, पापुद्रा बघता बघता सुकून गुंडाळतो. घडी पडली की दोन थरांच्या भिंती एकमेकींवर येतात आणि चित्रात नुसती जाळी उरते. 5 मिमीचा तुकडा पुरे.

सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्याचा एकच थेंब, एक-दोन मिनिटं, मग पाण्याने धुवा. रंग जास्त झाला तर केंद्रक लालभडक पार्श्वभूमीत हरवतं. वर ग्लिसरीनचा थेंब घाला, म्हणजे स्लाइड सुकत नाही.

आच्छादक काच सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ म्हणजे बुडबुडा. कित्येक जण त्यालाच केंद्रक म्हणून रेखाटतात! काच 45 अंशांत टेकवून सुईच्या आधाराने हळू सोडा. आधी सूक्ष्मदर्शकाच्या 10x भिंगातून पाहा. 45x वर गेल्यावर फोकस करायच्या मोठ्या स्क्रूला हात लावू नका, काच फुटते.

गालाच्या पेशींसाठी डब्यातली भाकरी-शेंगाचटणी खाऊन थेट काडी फिरवली तर चटणीचे कणच दिसतील. चूळ भरा, मग टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच खरवडा. साध्या पाण्यात या पेशी फुगतात, 0.9 टक्के मिठाचं द्रावण आणि मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरा. पेशीभित्तिका नसल्याने कडा वेड्यावाकड्या दिसणारच, त्या विटांसारख्या चौकोनी काढू नका.

आता उत्तरातली चूक. कांद्याच्या स्लाइडवर दिसते ती एकटी पेशी नसते. एकमेकींना चिकटलेल्या, एकच काम करणाऱ्या पेशींचा थर, म्हणजे ऊती, तुमच्यासमोर असते. ज्या मांसल थरावरून ती सोलली, तो रूपांतरित पानाचा भाग, आणि पान हा अवयव. पाठांतरापेक्षा हा क्रम हातातल्या कांद्यावर बोट ठेवून शिकावा. जमिनीखालच्या या पेशींत हरितलवकं, म्हणजे हिरवे कण, नसतात. पुस्तकातल्या आकृतीवरून ती घालू नका.

रक्त द्रव असलं तरी ती संयोजी (जोडणारी) ऊती आहे, आणि त्वचा अवयव. ‘हृदय म्हणजे स्नायू ऊती’ हेही अपुरं आहे: त्यात अभिस्तर (आवरणाची), संयोजी आणि चेता (नसांची) ऊतीही असतात.