रोजच्या जगण्यात विश्वास कसा जपावा

प्रार्थनेत मन लागले की विश्वास बळकट आहे आणि मन कोरडे पडले की तो गेला, असे समजून अनेक ख्रिस्ती बंधुभगिनी उगाच खचून जातात. बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या, नवव्या अध्यायात आपल्या पीडित मुलाला घेऊन आलेला बाप येशूला एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर करा. आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही येशू त्याच्या मुलाला बरे करतो. तेव्हा आपला विश्वास किती आहे, हे रोज मोजत बसू नये. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरेसा आहे, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे, कारण सारी भिस्त तो ज्याच्यावर ठेवला आहे त्याच्यावर असते.

प्रार्थनेची वेळ ठरवताना तास-दीड तासाचा संकल्प करू नये; आठवडाभरात तो मोडतो आणि मग अपराधीपणापोटी प्रार्थनाच टाळली जाते. सकाळी फोन हातात घेण्याआधीची दहा मिनिटे ठरवावीत व ती मात्र कटाक्षाने पाळावीत. वाचनाची सुरुवात मार्कपासून करणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान असून त्याचे 16 अध्याय आहेत. त्यातील एखादाच प्रसंग घ्यावा आणि तो मोठ्याने वाचावा. विश्वास ऐकण्याने होतो, असे प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, आणि स्वतःच्या आवाजात वचन कानावर पडले की डोळ्यांनी सहज ओलांडलेला शब्दही थांबवून धरतो.

खरी कसोटी लागते ती प्रार्थना निष्फळ वाटू लागते तेव्हा. आजारपण हटत नाही, नोकरी मिळत नाही, घरातला माणूस बोलत नाही, आणि देवापुढे बसल्यावर तोंडून ठरावीक आभारप्रदर्शनाखेरीज काही निघत नाही. अशा दिवसांत बायबलच्या स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र उघडावे. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि पहिल्या दोन ओव्यांतच ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवा, तू मला कायमचा विसरणार काय, इतके उघड तो स्तोत्रकर्ता विचारतो. एका कागदावर ‘हे प्रभू, किती काळ’ एवढे लिहून पुढे आपले गाऱ्हाणे आपल्याच शब्दांत, नावानिशी लिहावे, आणि ते सजवू नये. त्या स्तोत्राचा शेवट देवाच्या दयेवरील भरवशाने होतो, पण तो भरवसा गाऱ्हाणे पूर्ण सांगून झाल्यावर येतो. आपल्यालाही शेवटच्या ओवीपर्यंत पोहोचायला कित्येक दिवस लागले तरी हरकत नाही. देवाकडे तक्रार करणारा माणूस देवाकडेच तोंड करून उभा असतो.

प्रार्थनेतून उठताना त्या दिवसापुरती एक कृती ठरवावी, कारण कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोब बायबलमधील आपल्या पत्रात स्पष्ट बजावतो. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. हे शब्दशः घ्यावे. काल सहकाऱ्यावर आवाज चढवला असेल, तर सकाळी त्याच्या टेबलापाशी जाऊन ‘काल माझे चुकले’ एवढेच म्हणावे. ‘पण तुम्हीसुद्धा’ हे पुढचे शब्द गिळताना विश्वासाला किती बळ लागते, ते तिथेच कळते.

आणि हे सारे एकट्याने करू नये. आपल्या चर्चच्या मंडळीतील एका विश्वासू व्यक्तीला आपली खरी अवस्था सांगून ठेवावी आणि उपासनेला जाण्याची इच्छा नसेल त्या रविवारी तर अवश्य जावे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उघडतात आणि त्याची बाज खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. त्या बाजेवर पडून राहण्याचे दिवस आपल्यावरही येतात. तेव्हा फोन करून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, मला आज जमत नाही’ असे निःसंकोच सांगावे.