रमोन्सच्या अल्बमची क्रमवारी कशी लावावी

रमोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम 14, 1976 ते 1995 या काळातले. शफल बंद करून, निघाले त्याच क्रमाने ऐका. पहिल्या अल्बमची 14 गाणी जेमतेम अर्ध्या तासात संपतात आणि डोक्यात एकमेकांत मिसळतात, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.

दहापैकी गुण देऊ नका. सगळी गाणी सात-आठवरच अडकतात. दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवा, जिंकेल ते वर सरकवा. अल्बमचा निकाल लावताना मात्र किती गाणी पुढे ढकलावीशी वाटली, ते मोजा. लाइव्ह रेकॉर्डिंगची यादी वेगळीच हवी: तिथला वेग कानात बसला की स्टुडिओतलं तेच गाणं उगाच मंद वाटतं. 1980 चा, संगीत निर्माता फिल स्पेक्टरने घडवलेला अल्बम शेवटी तोला. त्याच्या भरगच्च आवाजाखाली चाली फार सुंदर आहेत, घाईत त्या निसटतात.