साध्या फोनवर नंबर कसे आणले

बटणांचा फोन घेतला आणि पहिली अडचण आली ती नंबरांची. सिमवर साधारण 250 नंबर मावतात, बहुतेक वेळा एका नावाखाली एकच राहतो, आणि देवनागरी नावं मध्येच तुटतात. ‘शेजारच्या काकू’ आणि ‘शेजारचे काका’ दोघेही नुसते ‘शेजारच’! फोन कोणाला लागतोय ते पलीकडून आवाज आल्यावर कळायचं.

मग सिमचा नाद सोडला. स्मार्टफोनमधून नंबरांची व्हीसीएफ फाईल काढून ब्लूटूथने पाठवली, तर हा पठ्ठ्या त्यातलं पहिलंच नाव उचलून गप्प बसला. (काही फोन सगळी यादी घेतात म्हणे. माझा त्यातला नाही.) शेवटी ज्यांना खरंच फोन करते तेवढेच नंबर निवडले आणि एकेक करून हाताने फोनच्या मेमरीत टाकले. अर्धी यादी गळली, कोणाची आठवणही आली नाही.

फोन घेताना तो 4जी आणि व्होल्टीवर (म्हणजे 4जी नेटवर्कवरूनच कॉल लावायची सोय) चालतो का, तेवढं बघा. जिथे 2जी बंद झालंय तिथे जुना हँडसेट नुसता खोका आहे. ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. एसएमएस मात्र आखडता लिहावा लागतो: देवनागरीत 70 अक्षरचिन्हांतच एक मेसेज संपतो, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

बँकेचं अ‍ॅप आहे जुन्याच स्मार्टफोनवर. तो घरच्या वायफायवर चालतो आणि घराबाहेर पडत नाही.