कोकणातली पाणीटंचाई: संस्थेने काम कुठून धरावं

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल लागला की वाड्यांवर टँकर फिरू लागतात. हा प्रश्न अख्ख्या जिल्ह्याचा म्हणून हातात घेतला की नुसत्या बैठका होतात. आधी एक वाडी, एक झरा आणि एक पूर्ण उन्हाळा धरा.

फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर पंधरवड्याला झऱ्याखाली १० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा. मे महिन्यात १०० सेकंद लागले, तर दिवसाला ८,६४० लिटर पाणी येतं. ३० घरं, १२० माणसं, जलजीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर, म्हणजे गरज ६,६०० लिटरची. पाणी आहे, पण रात्रीचं वाहून जातं. अशा ठिकाणी बोअर कशाला? ५,००० लिटरची साठवण टाकी पुरते. हा हिशेब न करता पंपाची योजना उभी राहिली, की वीजबिल थकतं आणि नळ कोरडे पडतात.

झरा खरोखर आटत असेल, तर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या खडकाच्या सपाटीवर बघा. पाणी जांभ्यातून मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि उताराला बाहेर येतं. त्यामुळे पाणी मुरवायचे चर सड्याच्या सपाटीवर खणायचे, झऱ्याजवळ नाही. तीव्र उतारावर तर अजिबात नको. मुरलेल्या पाण्याने दरड सुटू शकते.

पऱ्यावरचा (छोट्या ओढ्यावरचा) वनराई बंधारा पाऊस थांबल्यावर, प्रवाह चालू असतानाच घाला. सिमेंटची रिकामी पोती मातीने पाऊण भरून शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा आणि फटींत चिखल दाबा. नुसती वाळू भरली तर पाणी झिरपून जातं.

सगळ्यात जास्त कामं अडतात ती सातबाऱ्यावर. नावं ढीगभर, निम्मी मुंबईला. गणपतीत चाकरमानी गावी आले की तेव्हाच लेखी संमती घ्या. तोंडी होकार पुढच्या वाटणीत टिकत नाही. ग्रामसभेचा ठरावही हवा. वाडीची बैठक मात्र बायका पाणी भरून मोकळ्या झाल्यावर ठेवा, नाहीतर झऱ्याची खरी माहिती असलेलं कुणीच नसतं.

ग्रामपंचायत, भूजल यंत्रणा, वाडीतल्या मुंबईकरांचं मंडळ आणि तुमची संस्था, सगळ्यांची वही एकच असावी. प्रत्येक जण आपापले बंधारे मोजतो. मोजायचे ते मे महिन्यातल्या बादलीचे सेकंद. टाकी धुणारा, वही लिहिणारा आणि पाणीपट्टी गोळा करणारा वाडीतून ठरल्याशिवाय दुसरी वाडी घेऊ नका.