तोंडी परीक्षेआधी विद्यार्थ्यांची भीती वाढवणाऱ्या या चुका टाळा

"घाबरू नकोस" म्हटल्याने भीती गेली, असा एकही विद्यार्थी मी पाहिलेला नाही. दादरला मी जर्मन शिकवते, ए-वन ते बी-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून मधल्या पातळीपर्यंत. परीक्षा जवळ आली की शिक्षक, आईवडील आणि आधी पास झालेली मुलं त्याच त्या चुका करतात. मुलांचा अभ्यास बहुतेक वेळा झालेला असतो. बोलता बोलता अडखळलं तर पुढे काय करायचं, याची सवय मात्र त्यांना कुणी लावलेली नसते.

ओळख पाठ करून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. ए-वनची तोंडी परीक्षा गटात होते, जास्तीत जास्त चार जण, साधारण १५ मिनिटं. पहिल्या भागात समोर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद असे शब्द दिलेले असतात आणि त्यावरून स्वतःची ओळख करून द्यायची असते. एवढं सगळं आधीच ठरलेलं, म्हणून क्लासवाले आठ वाक्यांचा उतारा लिहून देतात आणि मुलं तो पाढ्यांसारखा घोकतात. मीही पूर्वी हेच करायचे.

डोंबिवलीची एक विद्यार्थिनी होती. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला यायची. तिच्याकडून तो उतारा मी इतक्या वेळा म्हणवून घेतला होता की झोपेतून उठवलं असतं तरी तिने तो म्हटला असता. परीक्षेतही तिने तो न अडखळता म्हटला. पण ओळख संपली की परीक्षक एखाद्या शब्दाचं स्पेलिंग विचारतात, एखादा नंबर सांगायला लावतात. तिला गावाच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. डे, ओ, एम, बे इथवर ठीक गेलं. पुढे तोंडून इंग्रजी 'आय' निघून गेला. जर्मनमध्ये त्या अक्षराला 'ई' म्हणतात. चूक तिच्या लक्षात आली, ती थांबली, आणि पुढच्या 'व्ही'ला 'फाउ' म्हणायचं हेही आठवेना. मग तिने "इश हाइसं"पासून अख्खी ओळख पुन्हा सुरू केली. घोकलेलं मधूनच उचलता येत नाही, पहिल्या ओळीपासूनच म्हणावं लागतं. उरलेल्या दोन भागांत ती जवळजवळ गप्पच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, मला सगळं येत होतं हो." खरंच येत होतं. चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्या वर्गात उतारा बंद. वर्गात शिरताना प्रत्येकाने एका स्टेशनचं स्पेलिंग सांगायचं: विक्रोळी, घाटकोपर, जोगेश्वरी. जोगेश्वरीत 'योट' येतो, 'ए' येतो, 'वे' येतो, त्यामुळे ते माझं आवडतं. कधी मी मुद्दाम पुटपुटत विचारते, म्हणजे "नॉख आइनमाल, बिटं", पुन्हा एकदा सांगा, हे वाक्य त्यांना म्हणावंच लागतं. प्रश्न पुन्हा विचारायला सांगणं म्हणजे चूक नाही, हे नुसतं समजावून पटत नाही. पन्नास वेळा म्हटल्यावर पटतं.

आकड्यांसाठी तर इंग्रजी बाजूलाच ठेवा. जर्मनमध्ये सत्तावीस म्हणजे 'झीबन-उंट-त्स्वान्त्सिश', सात आणि वीस. आपल्या सत्तावीसमध्येही सात आधी आणि वीस नंतर. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला हे चटकन बसतं, 'ट्वेंटी सेव्हन'वरून जाणारा हमखास उलटं बोलतो.

प्रत्येक वाक्याला टोकणं

"डेअर नाही, डी!" मुलगी सुट्टीबद्दल उत्साहाने सांगत असते आणि आपण नामाचं लिंग दाखवणारा शब्द दुरुस्त करतो. आठवडाभर असं झालं की ती बोलताना आपल्या चेहऱ्याकडे पाहायला लागते. परीक्षेत मग परीक्षकाच्या कपाळावरची आठी शोधते, आणि परीक्षक तर चेहरा कोराच ठेवतात. ए-वनला सांगायचं ते पोचलं का, हे आधी पाहिलं जातं. एखादं चुकलेलं 'डेअर' ऐकणाऱ्याला अडवत नाही, पाच सेकंदांची शांतता अडवते.

मी आता मुलं बोलत असताना खिडकीशी बसते आणि वहीत लिहीत राहते. बोलणं पूर्ण झाल्यावर फक्त तीन चुका सांगते. चौथी कितीही खुपली तरी उद्यावर. नव्या शिक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना सगळं आजच दुरुस्त करायचं असतं, आणि त्यांचीच मुलं परीक्षेत सगळ्यात कमी बोलतात.

बी-वनला जोडीदाराला प्रतिस्पर्धी समजू देऊ नका. पहिल्याच भागात दोघांना मिळून काहीतरी ठरवायचं असतं आणि गुण मात्र ज्याचे त्याला मिळतात. जोडीदाराला शब्द सुचत नसेल तर प्रश्न विचारून त्याला बोलतं करा, दोघांचंही भलं होतं. सराव कायम एकाच मैत्रिणीबरोबर नको, तिचं अर्धं वाक्य ऐकूनच सगळं कळतं.

आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट मिळतं, बोलायला दोन मिनिटांपर्यंत, आणि वेळ संपली की परीक्षक मध्येच थांबवतात. त्याचा अर्थ वेळ संपली, एवढाच. हे माहीत नसलेली मुलं तिसऱ्या भागात खचलेल्या आवाजात बोलतात.

"हमखास येणारे विषय" असं लिहिलेल्या पीडीएफ फोनमधून काढून टाका. 'दोन महिन्यांत बी-वन' म्हणणाऱ्या जाहिरातींबद्दलही मला तीव्र राग आहे. त्यातून आलेल्या मुलांना वाक्यं येतात, संभाषण येत नाही, आणि परीक्षेची फी भरल्यावरच ते त्यांच्या लक्षात येतं.

परीक्षेच्या दिवशी

रविवारी मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या रात्री बघा. आईवडिलांनी दारात उभं राहून "झालं का नीट पाठ?" विचारू नये.

सकाळपासून जर्मनमध्ये एक शब्दही न बोलता मूल एसीच्या खोलीत जाऊन बसलं, तर पहिलं वाक्य घशात अडकणारच. म्हणून परीक्षा काळ्या घोड्याच्या बाजूला असली की माझ्या मुलांना मी चर्चगेटला भेटते. ओव्हल मैदानातून चालत जायचं आणि फक्त जर्मनमध्ये बोलायचं: गाडीतली गर्दी, ऊन, मैदानावरचं क्रिकेट, नाश्त्याला काय खाल्लं. चुका मी मोजत नाही. वह्या स्टेशनवरच माझ्या पिशवीत जातात, परत मिळतात त्या परीक्षा झाल्यावर.