वैशाखातील सेंद्रिय भाजीमळा कसा सांभाळावा

एक-दीड एकराच्या सेंद्रिय भाजीमळ्यावर ज्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो, त्याच्यासाठी चैत्राच्या उत्तरार्धापासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंतचा काळ वर्षातील सर्वांत कसोटीचा असतो. पर्जन्यछायेच्या तालुक्यांत, मराठवाड्यात आणि विदर्भात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि विहिरी तळ गाठतात, पण बाजारात कोथिंबीर, भेंडी आणि काकडीला याच दिवसांत चांगली मागणी असते. विद्राव्य खतांचा हप्ता देऊन पीक ओढून नेण्याची सोय सेंद्रिय मळ्यात नाही. पिकाला अन्न उपलब्ध करून देणारे जिवाणू मातीच्या वरच्या थरात काम करतात आणि तो थर तापून कोरडा पडला, की शेणखत भरपूर घातलेले असूनही पीक उपाशी राहते. म्हणून या दिवसांतील प्रत्येक काम ठरवताना माती झाकलेली व ओलसर राहील का, हे आधी पाहावे.

आच्छादनाचे काम चैत्रातच उरकलेले उत्तम. गव्हाचे काड, उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत यांपैकी जे जवळ मिळेल ते घ्यावे. फक्त ज्या शेतावर तणनाशक मारले असेल तेथील काड मळ्यात आणू नये. आधी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, तीन ते चार इंच जाडीचा थर पसरावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बुंधा कुजत नाही. काड मातीत मिसळू नये, कारण ते कुजवताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते; वरच राहिले तर हा त्रास होत नाही. जेथे वाळवी आहे तेथे थर पातळ ठेवून तो अधूनमधून उलटा करावा.

ठिबकच्या नळ्या आच्छादनाखाली घ्याव्यात. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतील पाणी दुपारी हाताला चटका देण्याइतके तापते आणि ते मुळांशी सोडणे घातक असते. शेतीची वीज काही दिवस रात्री येते, काही दिवस दिवसा. दिवसाची पाळी असेल तेव्हा पाणी आधी टाकीत किंवा शेततळ्यात साठवावे आणि पहाटे किंवा सूर्य कलल्यावर उताराने सोडावे. हलक्या जमिनीत रोज थोडे, तर भारी काळ्या जमिनीत दोन-तीन दिवसांनी जास्त, हे धोरण ठेवावे. पण खरा निर्णय मातीवरच सोपवावा. आच्छादन बाजूला सारून बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा झाला आणि तो बोटाने टोचताच फुटला, तर पाण्याची घाई नाही. दुपारी दोन वाजता काकडीची आणि भोपळ्याची पाने मलूल दिसतात, तेव्हा अनेक जण घाबरून मोटर सुरू करतात, पण ही वेलींची स्वतःला वाचवण्याची रीत आहे. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली तर वेल तहानलेली नाही. सकाळीही ती मरगळलेली असली तरच पाणी कमी पडले आहे किंवा मुळांना रोग आहे असे समजावे. खारी आणि उंदीर पाण्यासाठी नळ्या कुरतडतात, म्हणून बांधावर सावलीत त्यांच्यासाठी उथळ भांड्यात पाणी ठेवावे. हे भूतदयेचे काम तर आहेच, शिवाय नळ्याही पुष्कळ वाचतात.

या दिवसांत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, तांदुळजा आणि अंबाडी यांवर भर द्यावा. गवारीत पुसा नवबहार आणि काकडीत राहुरी विद्यापीठाची हिमांगी ही सरळ, म्हणजे संकरित नसलेली, वाणे असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. टोमॅटोकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पुढे गेले की फूल गळते आणि त्यावर कोणत्याही अर्काचा उपाय चालत नाही. कोथिंबिरीला सावली हवी. पन्नास टक्के सावलीची जाळी परवडत नसेल, तर दोडक्या-कारल्याच्या मांडवाखाली वाफे करून, धणे रगडून दोन फाकी केलेले बी रात्रभर भिजवून पेरावे. मला स्वतःला जाळीपेक्षा हा मांडवच अधिक पसंत आहे, कारण एकाच पाण्यात दोन पिके निघतात. दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या कमी झालेल्या असतात. सुटीत घरी असलेल्या मुलांना नर फूल ओळखायला शिकवून त्याचा पराग मादी फुलाला लावायला सांगावे. ती हे काम मनापासून करतात आणि फळधारणा स्पष्ट वाढते.

कोरड्या उष्ण हवेत फुलकिडे, लाल कोळी आणि पांढरी माशी झपाट्याने वाढतात. लाल कोळीसाठी पानांच्या खालच्या बाजूवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय करावा. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळी पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, एकूण पाणी शंभर लिटर करून त्यात थोडा साबण विरघळवावा आणि त्याच दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास फवारावे, कारण उन्हात त्यातील गुणकारी घटक लवकर नष्ट होतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तर ते झाड त्याच दिवशी उपटावे. पांढरी माशी हा रोग शेजारच्या झाडांवर नेते. वेलवर्गीय पिकांत फळमाशीसाठी क्यू-ल्यूर या नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे सापळे लावावेत आणि कीडलेली फळे बांधावर न फेकता खोल पुरावीत.

मातीतील जिवाणूंना बळ देणारे जीवामृत करताना दोनशे लिटरच्या पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक ते दोन किलो गूळ, तितकेच बेसन आणि मूठभर बांधावरची माती घालून, सावलीत ठेवून, दिवसातून दोनदा ढवळावे. उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांत तयार होते. ओल्या मातीवरच द्यावे. ठिबकमधून सोडायचे असेल तर दुहेरी कापडातून गाळावे आणि नंतर नळ्यांची टोके उघडून त्या धुऊन काढाव्यात.

तोडणी उजाडताना सुरू करून आठच्या आत संपवावी. भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहीतर ती जून होऊन झाडही थांबते. तोडलेला माल लगेच सावलीत न्यावा, पालेभाज्यांच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात. छोट्या मळ्याने याच्याही पुढे जाऊन शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा, असा माझा आग्रह आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना साध्या विटांची आहे: सावलीतल्या जागी विटांच्या तळावर 67.5 सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत उभारून, दोन भिंतींतील 7.5 सेंटिमीटर पोकळीत वाळू भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वर बांबू व वाळ्याचे किंवा गवताचे झाकण ठेवावे. पाण्याच्या बाष्पीभवनामुळे कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहते आणि संध्याकाळी बाजारात नेलेली भाजी सकाळी तोडल्यासारखी टवटवीत दिसते. कोकणातील दमट हवेत हा लाभ पुष्कळच कमी मिळतो.

माणसांची काळजी पिकाइतकीच घ्यावी. अकरा ते चार या वेळेत कोणीही वाफ्यात वाकू नये. बी निवडणे, जुड्या बांधणे, हिशेब लिहिणे ही कामे ओसरीत करावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांकडे ती सोपवावीत. तहान लागण्याची वाट न पाहता मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा नाचणीची आंबील प्यावी. कामावरचे माणूस बरळू लागले, किंवा अंग तापूनही घाम येईनासा झाला, तर त्याला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसत विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

रिकाम्या वाफ्यांचेही या उन्हात भले करून घेता येते. रोपवाटिकेसाठी राखलेला गादीवाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे आणि कडा मातीने बुजवून चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. तापलेल्या ओलीत बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. बियाण्यासाठी भेंडीची व दोडक्याची निरोगी झाडे आधीच खुणेची दोरी बांधून राखावीत, फळे झाडावरच वाळू द्यावीत आणि बी सकाळच्या कोवळ्या उन्हात सुकवून राखेत घोळून मडक्यात ठेवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली; या बँकेचा आरंभही घरच्या परसबागेत जपलेल्या बियांपासूनच झाला. मे महिन्याच्या मध्यास प्लॅस्टिक काढून, वाफा वर-वर हलवून, ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी चोळलेले वांगी व मिरचीचे बी ओळीत पेरावे, म्हणजे मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत रोपे लागवडीजोगी होतात.